वीरांची वंशावळ

शेजाऱ्याकडून वाटीभर धान्य उसने आणले, तर त्याचे दोन उपयोग करता येतात. ते शिजवून खाल्ले, तर त्या दिवसाची भूक भागते आणि धान्य संपते. तेच पेरले, तर काही महिन्यांनी त्याचे पीक उभे राहते. उसने फेडता येते आणि आपल्या घरातही धान्य उरते. कल्पनांचेही असेच आहे. एका लेखकाची कल्पना दुसऱ्याने घ्यावी, ही साहित्यातील फार जुनी रीत आहे. घेणाऱ्याने ती नुसती खाऊन टाकली, की आपल्या मातीत पेरली, एवढेच पाहावयाचे असते.

चित्रकथांतील अद्भुत वीरांच्या, म्हणजे ज्यांना आपण सुपरहिरो म्हणतो त्यांच्या, इतिहासात ही गोष्ट मोठ्या गमतीने पाहावयास मिळते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील एखाद्या रद्दीच्या दुकानात जुन्या चित्रकथांचा गठ्ठा हाती लागला, तर त्यात वेताळ, बहादूर, नागराज, बॅटमॅन आणि स्पायडरमॅन हे सारे एकमेकांना खेटून बसलेले आढळतात. कोणी अमेरिकेचा, कोणी अरण्यातला, कोणी आपल्या देशातला. प्रथमदर्शनी हे वीर परस्परांना परके वाटतात. परंतु त्यांची वंशावळ शोधू लागलो, की कोणी कोणाचा पणजोबा, तर कोणी कोणाचे चुलत भावंड निघते. त्या वंशावळीच्या दोनतीन शाखा आपण पाहू.

पहिली शाखा मुखवट्याची. इ. स. १९१९ मध्ये अमेरिकेत जॉन्स्टन मॅक्‌कली या लेखकाने झोरो नावाचा वीर निर्माण केला. झोरो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ कोल्हा. हा वीर दिवसा एक श्रीमंत, आळशी आणि भित्रा तरुण म्हणून वावरे. त्याच्याकडे पाहून लोक हसत. रात्र पडली, की तोच काळा वेष आणि काळा मुखवटा धारण करून घोड्यावर स्वार होई आणि जुलमी अधिकाऱ्यांना धडा शिकवी. शूराने दुबळ्याचे सोंग घ्यावे, ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्कार्लेट पिंपर्नेल' या इंग्रजी कादंबरीत ती आलेली होती. फार कशाला, अज्ञातवासात विराटाच्या स्वयंपाकघरात राबलेला भीम आणि बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन आपणांस ठाऊकच आहेत. मॅक्‌कलीने या जुन्या कल्पनेला मुखवटा आणि तलवार दिली. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, डग्लस फेअरबँक्स या नटाने झोरोची भूमिका मूकपटात केली. भिंतीवरून उडी घ्यावी, छपरावरून धावावे, शत्रूंच्या घोळक्यात कमरेवर हात ठेवून हसत उभे राहावे, अशी त्याची तऱ्हा होती. त्याचे मूकपट जगभर गेले. मुंबईतही ते लोकांनी डोक्यावर घेतले.

आता पाहा, या एका दिव्याने किती दिवे लागले. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोन शाळकरी मित्र चित्रकथा रचीत असत. १९३८ साली त्यांचा सुपरमॅन प्रसिद्ध झाला. सुपरमॅनची कमरेवर हात ठेवून उभे राहण्याची ढब फेअरबँक्सवरून घेतली, असे चित्रकार शूस्टर यांनी स्वतःच सांगितले आहे. आणि चष्मा लावून वृत्तपत्राच्या कचेरीत निमूटपणे काम करणारा त्याचा दुबळा अवतार, क्लार्क केंट, हा तर झोरोच्या दिवसाच्या सोंगाचाच धाकटा भाऊ होय. १९३९ साली बॉब केन आणि बिल फिंगर यांनी बॅटमॅन निर्माण केला. तोही दिवसा ऐषारामी श्रीमंत आणि रात्री मुखवटाधारी. केन यांनी झोरोचे ऋण मान्य केले होते. पुढे १९८६ साली फ्रँक मिलर यांनी बॅटमॅनची कथा नव्याने लिहिली, तेव्हा तीत एक सुंदर तपशील घातला: आईवडिलांच्या मृत्यूच्या रात्री लहानग्या ब्रूसने जो चित्रपट पाहिला होता, तो झोरोचाच होता. कथेने आपल्या आजोबांना कथेतच केलेला हा नमस्कार होय.

याच वंशाची एक कन्या आपल्या मुंबईत जन्मली, आणि तीही बॅटमॅनच्या चार वर्षे आधी. मुंबईतील वाडिया मूव्हीटोन या संस्थेचे चालक जमशेद आणि होमी वाडिया हे बंधू फेअरबँक्सच्या चित्रपटांचे मोठे चाहते होते. १९३५ साली होमी वाडिया यांनी 'हंटरवाली' हा बोलपट काढला. त्यातील राजकन्या दुष्ट प्रधानाच्या जुलमाविरुद्ध मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन घोड्यावर बसते आणि रंजलेल्या प्रजेचा कैवार घेते. ही भूमिका करणारी नादिया ऑस्ट्रेलियात जन्मली होती व लहानपणीच भारतात आली होती. धावत्या गाडीवरून उड्या मारणे, झुंबराला लटकणे, पुरुषाला खांद्यावर उचलून फेकणे ही धाडसे ती स्वतः करी. ज्या काळात मुलीने घोड्यावर बसणे हीसुद्धा नवलाची गोष्ट होती, त्या काळात मुंबईने मुखवट्याखाली एका स्त्रीला उभे केले. उसन्या बियाण्याला इथल्या मातीत आलेले हे पीक होते. पुढे होमी वाडिया यांनी उपनगरात, चेंबूर येथे, आपला बसंत स्टुडिओ उभारला. हंटरवाली आणि बॅटमॅन यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. तरीही ती दोघे एकाच आजोबांची नातवंडे आहेत.

दुसरी शाखा अरण्याची. तिचा आरंभ मुंबईशी जोडलेला आहे. रुडयार्ड किपलिंग हा इंग्रज लेखक १८६५ साली मुंबईत जन्मला. १८९४ साली त्याचे 'जंगल बुक' प्रसिद्ध झाले. मध्य भारतातील सिवनीच्या रानात लांडग्यांनी वाढविलेला मोगली हा त्यातील बालवीर. १९१२ साली अमेरिकेत एडगर राइस बरोज यांनी वानरांनी वाढविलेला टारझन निर्माण केला. मोगलीचा आणि टारझनचा चेहरामोहरा इतका जुळतो, की तो स्वतः किपलिंगच्याही लक्षात आल्यावाचून राहिला नाही. त्यानंतर १९३६ च्या फेब्रुवारीत ली फॉक यांची 'फँटम' ही चित्रमालिका अमेरिकन वृत्तपत्रांत सुरू झाली. अरण्यातील कवटीच्या आकाराची गुहा, बोटातील कवटीची अंगठी, सोबतीला लांडगा आणि पांढरा घोडा, असा हा वीर. चारशे वर्षे बापाचा वेष मुलगा चढवीत असल्यामुळे लोक त्याला अमर मानतात. मोगली आणि टारझन यांच्या कथा आपल्या मनात होत्या, हे फॉक यांनी सांगितले आहे. परंतु त्यांनी स्वतःची भरही घातली. अंगाला घट्ट बसणारा वेष आणि ज्यातून बुबुळे दिसत नाहीत असा मुखवटा त्यांनी फँटमला दिला. त्यानंतर आलेल्या कितीतरी वीरांचे शिंपी जणू फँटमचेच माप घेऊन बसले!

हिंदुस्थानच्या रानातून निघालेली ही कल्पना अमेरिकेचा फेरा करून १९६४ साली मुंबईस परतली. त्या वर्षी मार्च महिन्यात टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तसंस्थेने 'इंद्रजाल कॉमिक्स' ही चित्रकथामाला सुरू केली आणि तीत पहिला मान फँटमला दिला. मराठी वाचकांसमोर तो 'वेताळ' या नावाने आला. या नावाची निवड किती समर्पक आहे, याचा विचार करा. वेताळपंचविशीतील वेताळ आपल्याला माहीत होताच. शिवाय कोकणात आणि गोमंतकात वेताळ ही गावाचे रक्षण करणारी देवता मानली जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरवली येथील वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा अर्पण करतात. कारण तो रात्री गावाभोवती फिरून राखण करतो व त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्याला मरण नाही आणि जो न दिसता दुर्बळांची राखण करतो, अशा परदेशी वीराला मराठी मुलांनी पटकन आपले मानले यात नवल ते काय? गिरगावातील वा घाटकोपरातील कोकणी कुटुंबातल्या मुलाला हे नाव घरचेच वाटले असेल.

इंद्रजालच्या संपादकांनी केवळ भाषांतर केले नाही. मूळ कथेतील देशाचे बंगालशी मिळतेजुळते नाव वाचकांना खटकू नये, म्हणून त्यांनी त्या देशाला 'डेंकाली' म्हटले. समुद्रचाच्यांच्या टोळीचे 'सिंग' हे नाव बदलून 'सिंगा' केले. 'रामा' नावाच्या खलपुरुषाचा 'रामालू' झाला. बदल लहान आहेत. पण आलेला पाहुणा आपल्या घरात बसवताना पाट थोडा सरकवावा लागतो, हे त्यावरून कळते.

उसने फेडण्याची वेळ आता आली होती. १९७६ साली इंद्रजालमध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' अवतरला. त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांनी काढली. अंगात भगवा कुडता आणि खाली जीन्सची विजार, एवढाच त्याचा वेष. मुखवटा नाही, अंगी दैवी शक्ती नाही. तो एका डाकूचा मुलगा. परंतु बापाची वाट सोडून तो गावकऱ्यांना संघटित करतो आणि डाकूंचा सामना करतो. वेताळाच्या शेजारी बसून त्याच्यासारखे न होता, आपल्या देशातील खऱ्या संकटाशी झुंजणारा वीर असा निर्माण झाला. इंद्रजाल १९९० साली बंद पडले, तरी बहादूरची आठवण अनेक घरांतून टिकून आहे.

१९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने नागराज आणला. मनगटातून साप सोडून त्यांच्या दोरीला लटकत जाणारा नागराज पाहिला, की १९६२ साली जन्मलेला आणि मनगटातून जाळे फेकणारा स्पायडरमॅन आठवल्यावाचून राहत नाही. परंतु नागराजाच्या शिरांतील विष आले ते इच्छाधारी नागांच्या आपल्या लोककथांतून. आणि दुष्टांच्या तावडीतून त्याला मुक्त करून सन्मार्गाला लावणाऱ्या गुरूचे नाव आहे गोरखनाथ. नवनाथांच्या कथा ऐकलेल्या मराठी मुलाला हे नाव अनोळखी नाही. नागराजाचे आरंभीचे अंक रेखाटणारे प्रताप मुळीक हे पुण्याचे चित्रकार. १९६७ साली अनंत पै यांनी मुंबईत सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा' या मालेसाठीही त्यांनी चित्रे काढली होती. ज्या हाताने पुराणपुरुष रेखाटले, त्याच हाताने हिरव्या कांतीचा हा नवा वीर रेखाटला. मग पुराणातील वीरांचे थोडे तेज त्याच्या अंगी उतरले असेल, तर ते साहजिकच होय.

१९९७ साली दूरदर्शनवर आलेला शक्तिमान याच माळेतील मणी आहे. त्याचे दुसरे रूप म्हणजे चष्मा लावणारा, बावळट दिसणारा गंगाधर. तो वृत्तपत्रासाठी छायाचित्रे काढतो. क्लार्क केंट वृत्तपत्राचा बातमीदार. स्पायडरमॅनचा पीटर पार्कर वृत्तपत्राचा छायाचित्रकार. आणि आमचा गंगाधर या दोघांचा वारसदार! मात्र शक्तिमानाचे सामर्थ्य परग्रहावरून आलेले नाही. ते योगसाधनेतून व पंचमहाभूतांतून आलेले आहे. घरातील खांब बाहेरच्या लाकडाचा असला, तरी पाया इथल्या दगडाचा आहे.

या देवघेवीचा सर्वांत उघड नमुना २००४ साली मुंबईच्याच रस्त्यांवर घडला. स्पायडरमॅनच्या मालकांच्या अनुमतीने भारतीय स्पायडरमॅनची चित्रकथा काढण्यात आली. शरद देवराजन आणि जीवन कांग हे तिच्या निर्मात्यांपैकी होत. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, मेरी जेनची झाली मीरा जैन, मे काकूची झाली माया काकू आणि बेन काकांचे झाले भीम काका. खेड्यातून शिष्यवृत्ती मिळवून मुंबईत शिकायला आलेला हा मुलगा धोतर नेसून इमारतींवरून झेपावतो. त्याला सामर्थ्य मिळते ते कोळ्याच्या दंशाने नव्हे, तर एका योग्याकडून. पुढे उलट प्रवास घडला. २०२३ साली स्पायडरमॅनवरील एका अमेरिकन चित्रपटात हाच पवित्र प्रभाकर आला आणि त्याच्यासाठी मुंबई व मॅनहॅटन यांच्या मिलाफातून 'मुंबत्तन' नावाचे काल्पनिक नगर उभारण्यात आले. मुंबईने घेतलेले बी मुंबईचे पीक होऊन परत गेले.

येथे कोणी विचारील, की मग उसने घेणे आणि चोरणे यांत सीमारेषा कोणती? हा प्रश्न एकदा न्यायालयातही गेला. १९४० साली कॅप्टन मार्व्हल नावाचा वीर अमेरिकेत आला. बिली बॅटसन हा लहान मुलगा 'शझॅम' हा शब्द उच्चारताच बलाढ्य पुरुष होई. काही काळ त्याच्या अंकांचा खप सुपरमॅनहूनही अधिक होता. हा आमच्या सुपरमॅनची नक्कल आहे, असा दावा सुपरमॅनच्या प्रकाशकांनी केला. खटला बारा वर्षे रेंगाळला. अखेर १९५३ मध्ये कॅप्टन मार्व्हलच्या प्रकाशकांनी दंड भरून माघार घेतली आणि तो वीर नाहीसा झाला. परंतु कल्पना कोंडून ठेवता येत नाहीत. इंग्लंडमध्ये त्याच्या कथा पुनर्मुद्रित होत असत. त्या थांबताच १९५४ मध्ये तेथे 'मार्व्हलमॅन' जन्मला. कॅप्टन मार्व्हलचे प्रमुख लेखक ऑटो बाइंडर पुढे सुपरमॅनच्याच कथा लिहू लागले. कॅप्टन मार्व्हलला बहीण देण्यात त्यांचा वाटा होता; १९५९ साली त्यांनी सुपरमॅनला 'सुपरगर्ल' ही चुलत बहीण दिली. आणि १९७३ साली, ज्यांनी खटला भरला होता त्यांनीच कॅप्टन मार्व्हलच्या नव्या कथा छापावयास आरंभ केला. ज्याला चोर म्हटले, त्यालाच घरात घेतले.

यावरून असे दिसते, की कोणत्याही वीराची मुळे खणली, तर ती दुसऱ्याच्या अंगणात जातात. म्हणून उसने घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो ऋण लपविण्यात. सीगल आणि शूस्टर या तरुणांनी सुपरमॅनचे सारे हक्क अवघ्या १३० डॉलरांना विकले होते. त्या वीराने प्रकाशकांना अमाप धन मिळवून दिले. मात्र त्याच्या जनकांची नावे पुढे अंकांवरून काढून टाकण्यात आली. ते दोघे म्हातारपणी हलाखीत दिवस काढीत होते. लोकांनी आवाज उठविला, तेव्हा १९७५ च्या अखेरीस त्यांना निवृत्तिवेतन आणि त्यांची नावे परत मिळाली. बॅटमॅनचे सहनिर्माते बिल फिंगर १९७४ साली वारले. त्यांचे नाव अधिकृतपणे छापले जाऊ लागले ते २०१५ साली. सुपरमॅन क्षणात दुर्बळांच्या साहाय्यास धावून जातो. त्याला जन्म देणाऱ्यांना न्याय मिळण्यास मात्र जवळजवळ अडतीस वर्षे लागली. दुसऱ्याची कल्पना घ्यावी, पण त्याचे नाव पुसू नये, हा धडा या वीरांच्या पराक्रमाइतकाच महत्त्वाचा आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी वहीच्या मागच्या पानावर आपापला वीर रेखाटला असेल. त्याने वेताळाचा मुखवटा किंवा सुपरमॅनची उडी घेतली असेल, तर लाजू नका. फक्त एवढे स्वतःस विचारा, की हे बी मी कोणत्या मातीत पेरणार? कवटीच्या गुहेची आस कशाला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. सोबतीला लांडगा कशाला, त्याच रानात बिबटे राहतात. संकटे कल्पनेने निर्माण करावयाची गरज नाही: २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अंगावर कसलाही विशेष वेष नसलेल्या असंख्य माणसांनी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून अनोळखी लोकांना हात दिला, आपल्या घरात घेतले, चहा दिला. तुमच्या वीराने झोरोकडून धाडस घ्यावे, वेताळाकडून राखणदारी घ्यावी, बहादूरकडून साधेपणा घ्यावा आणि त्या माणसांकडून माणुसकी घ्यावी. मग तो तुमचाच होईल. पानाच्या कोपऱ्यात मात्र, ज्यांच्याकडून घेतले त्यांची नावे लिहावयास विसरू नका.

स्वाध्याय

१. लेखकाने उसन्या धान्याचा दृष्टान्त कशासाठी दिला आहे?
२. झोरोच्या कथेतील कोणत्या गोष्टी पुढील वीरांमध्ये आढळतात? दोन उदाहरणे द्या.
३. मोगलीपासून वेताळापर्यंतचा कल्पनेचा प्रवास आपल्या शब्दांत सांगा.
४. नागराज व शक्तिमान यांच्यामध्ये उसने काय आहे आणि आपले काय आहे?
५. 'ज्याला चोर म्हटले, त्यालाच घरात घेतले.' हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? ते स्पष्ट करा.
६. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा: कैवार घेणे, डोक्यावर घेणे, धडा शिकवणे, समर्पक, वारसदार.
७. सामासिक शब्दांचा विग्रह करा: आईवडील, पंचमहाभूते, राजकन्या, अज्ञातवास.
८. आपल्या परिसरात शोभेल अशा एका वीराचे वर्णन दहा ओळींत लिहा. त्याचे कोणते गुण कोणाकडून घेतले, तेही सांगा.